पहिली खेळी : मीर सुलतान खान

बुद्धिबळाच्या पटावर सोंगट्या मांडून झाल्या की पांढऱ्या बाजूने खेळणाऱ्यापुढे पहिल्या खेळीचे वीस पर्याय असतात. आठ प्यादी एक किंवा दोन घरे पुढे सरकू शकतात आणि दोन घोड्यांना प्रत्येकी दोन घरे मोकळी असतात. घरी, ओसरीवर खेळताना यांपैकी कोणतीही खेळी केली तरी चालते. अजिंक्यपदाच्या स्पर्धेत मात्र ही निवड विचारपूर्वक करावी लागते. कोणत्या खेळीला कोणते उत्तर योग्य, हे युरोपातील खेळाडूंनी पिढ्यान्‌पिढ्या तपासून ग्रंथांत नोंदवून ठेवले होते. या ग्रंथांशी काहीही परिचय नसलेला एक खेळाडू १९२९ साली पंजाबातून लंडनला पोहोचला. त्याचे नाव मीर सुलतान खान.

सुलतान खान यांचा जन्म विसाव्या शतकाच्या आरंभी पंजाबातील मिठा टिवाणा या गावी झाला. हे गाव आज पाकिस्तानात आहे. वयाच्या नवव्या वर्षाच्या सुमारास ते वडिलांकडून बुद्धिबळ शिकले. पण ते बुद्धिबळ भारतीय पद्धतीचे होते. या पद्धतीत प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर पुढे जाई. किल्लेकोट नसे, त्याऐवजी राजाला एकदाच घोड्याप्रमाणे उडी मारता येई. दोन्ही सैन्ये सावकाश समोरासमोर येत, त्यामुळे आरंभीच्या एखाद्या खेळीने डाव बिघडण्याचे भय कमी होते. खरी झुंज डावाच्या मध्यात आणि अखेरीस होत असे. सुलतान खान यांची बुद्धी याच मुशीत घडली. १९२८ साली दिल्ली येथील अखिल भारतीय स्पर्धेत त्यांनी नऊपैकी आठ डाव जिंकले, एक बरोबरीत सोडवला आणि अजिंक्यपद मिळवले.

त्यांचे आश्रयदाते सर उमर हयात खान टिवाणा हे मोठे जमीनदार होते. त्यांनी सुलतान खान यांना इंग्लंडला नेले. तेथे सरावासाठी एक छोटी स्पर्धा भरवण्यात आली आणि तीत सुलतान खान तळाशी राहिले. कारण उघड होते. प्रतिस्पर्धी पहिल्या दहा-बारा खेळी पाठ असल्यासारख्या खेळत आणि सुलतान खान यांना तेवढ्याच खेळी पटासमोर बसून नव्याने शोधाव्या लागत. आरंभशास्त्राची पुस्तके इंग्रजी व जर्मन भाषांत होती. ती त्यांच्या उपयोगाची नव्हती. तेव्हा विल्यम विंटर आणि फ्रेडरिक येट्स या नामांकित खेळाडूंनी त्यांच्याबरोबर सराव केला. हे दोघे त्याच स्पर्धेत त्यांच्या पुढे राहिलेले प्रतिस्पर्धी होते, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. त्याच उन्हाळ्यात रॅम्सगेट येथे सुलतान खान यांनी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले. भारतात येऊन परतल्यावर १९३२ आणि १९३३ साली त्यांनी ते पुन्हा मिळवले.

१९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्यांची गाठ माजी जगज्जेते कापाब्लांका यांच्याशी पडली. सुलतान खान यांच्याकडे पांढऱ्या सोंगट्या होत्या. त्यांनी आधी घोडा बाहेर काढला, मग मधली प्यादी पुढे नेली आणि पाचव्या खेळीला डाव्या टोकाचे प्यादे एकच घर सरकवले. वरवर पाहता ही खेळी निरुपद्रवी, जवळजवळ वेळ दवडणारी वाटते. तिच्यामुळे काळ्याचा उंट पुढे येऊन पांढऱ्याच्या घोड्याला जखडू शकत नाही. डाव संथ, बंदिस्त झाला आणि सुलतान खान यांच्या सवयीच्या वाटेने गेला. कापाब्लांका यांना वजिराच्या बदल्यात दोन हत्ती द्यावे लागले आणि पासष्टाव्या खेळीनंतर ते हरले. हीच मांडणी पुढे जगज्जेते पेट्रोस्यान यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली.

याचा अर्थ आरंभाची अडचण संपली असा नव्हे. अनेक डावांत ते सुरुवातीस मागे पडत आणि मग तासन्‌तास चिवटपणे बचाव करत. इंग्लंडची थंडी त्यांना मानवत नसे. हिवताप आणि सर्दीने ते बेजार होत. तरीही १९३१ च्या प्राग ऑलिम्पियाडमध्ये इंग्लंडच्या पहिल्या पटावर खेळताना त्यांनी फ्लोर व रुबिनस्टाइन यांना हरवले आणि जगज्जेते अल्येखिन यांना बरोबरीत रोखले. त्याच वर्षी बारा डावांच्या सामन्यात त्यांनी टार्टाकोवर यांच्यावर एका गुणाने विजय मिळवला.

१९३३ च्या डिसेंबरमध्ये ते सर उमर यांच्यासह मायदेशी परतले. १९३५ साली व्ही. के. खाडिलकर यांच्याविरुद्ध झालेल्या दहा डावांच्या सामन्यात त्यांनी नऊ डाव जिंकले, एक बरोबरीत सुटला. त्यानंतर मोठ्या स्पर्धांत ते दिसले नाहीत. उरलेले आयुष्य त्यांनी शेतीवाडीत घालवले. आपल्या मुलांना त्यांनी बुद्धिबळाचे धडे दिले नाहीत. त्यांनी अधिक उपयोगाचे काही करावे, असे त्यांना वाटे. १९५० साली जागतिक बुद्धिबळ संघटनेने प्रथमच ग्रँडमास्टर किताब दिले, तेव्हा त्यांनी हरवलेल्या रुबिनस्टाइन यांचे नाव यादीत होते, त्यांचे नव्हते. १९६६ साली सरगोधा येथे त्यांचे निधन झाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच संघटनेने त्यांना मरणोत्तर सन्माननीय ग्रँडमास्टर किताब दिला.