मार्टिन ल्यूथर : अर्ध्यावर थांबलेली समता

जर्मनीतील मार्टिन ल्यूथर (१४८३–१५४६) यांचे चरित्र आपण अवश्य जाणून घ्यावे. चर्च पैसे घेऊन पापाच्या शिक्षेची माफीपत्रे विकत असे. मठवासी ल्यूथरांनी १५१७ साली विटेनबर्ग येथे ९५ मुद्दे मांडून या व्यापारावर घाव घातला. १५२१ मध्ये पोपने बहिष्कृत केले, तरी ते नमले नाहीत. १५२२ साली त्यांनी 'नवा करार' लोकांच्या जर्मन भाषेत आणला.

परंतु १५२५ मध्ये शेतकऱ्यांनी त्याच ग्रंथाच्या आधारे जमीनदारांच्या दास्यातून मुक्ती मागितली व उठाव केला, तेव्हा ल्यूथरांनी त्यांना ठार मारा, असे राजांना लिहिले. हजारो शेतकरी मारले गेले. त्यांच्या धैर्याचा आदर करा. पण देवापुढची समता शेताच्या बांधावर अडली, हेही मुलांना सांगा.