गहुलीचे वसंतराव नाईक
(इयत्ता चौथी)

ऊन तापू लागलं अन् आपली शाळा सकाळची झाली. या आठवड्यात गुरुजींनी आम्हाला आपल्याच जिल्ह्यातल्या एका थोर माणसाचे चरित्र रोज थोडे थोडे शिकवले. ते इथे लिहीत आहोत.

सोमवारी आम्ही यवतमाळ जिल्ह्याच्या नकाशात पुसद तालुका पाहिला. त्यात गहुली हे गाव आहे. वसंतराव नाईक यांचा जन्म तिथे १ जुलै १९१३ रोजी झाला. गहुली हा बंजारा समाजाचा तांडा. वडील फुलसिंग हे तांड्याचे नाईक, म्हणजे प्रमुख होते. आईचे नाव हुनाबाई.

मंगळवारी त्यांच्या शाळेची गोष्ट झाली. तांड्यावर शाळाच नव्हती! मग वसंतराव आजूबाजूच्या गावांतल्या शाळेत पायी जात. पुढे ते अमरावतीला अन् नागपूरला शिकले. १९३८ साली बी.ए. झाले, १९४० साली वकिलीची परीक्षा पास झाले. पुसदला त्यांनी वकिली केली.

बुधवारी कळले, की १९४१ साली त्यांनी वत्सलाबाई घाटे यांच्याशी लग्न केले. दोघांची जात वेगळी, त्यामुळे विरोध झाला, पण दोघे डगमगले नाहीत. १९४६ मध्ये ते पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले आणि १९५२ मध्ये आमदार.

गुरुवारचा धडा आम्हाला सगळ्यात आवडला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. विदर्भ, मराठवाडा, मुंबईकडचा भाग, प्रत्येकाचा गावकारभार वेगवेगळा होता. तो एकसारखा कसा करावा, हे ठरवायला सरकारने समिती नेमली. तिचे अध्यक्ष वसंतराव होते. समितीने १९६१ साली २२६ शिफारशी केल्या. त्यावरून कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. गावोगावच्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. ज्यांच्या तांड्यावर शाळा नव्हती, त्यांच्याच हातून हे काम झाले.

शुक्रवारी आम्ही वजाबाकी केली. ते ५ डिसेंबर १९६३ ला मुख्यमंत्री झाले आणि फेब्रुवारी १९७५ पर्यंत राहिले. अकरा वर्षांहून जास्त! एवढा काळ महाराष्ट्रात दुसरे कोणी मुख्यमंत्री राहिले नाही. त्यांच्या काळात राहुरी, अकोला, परभणी व दापोली इथे कृषी विद्यापीठे निघाली. १९७२ साली मोठा दुष्काळ पडला. तेव्हा सरकारने ठिकठिकाणी कामे काढली, लोकांच्या हाताला काम दिलं. रोजगार हमी योजना त्याच सुमारास सुरू झाली.

शनिवारी चरित्र संपले. १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूरला त्यांचे निधन झाले. त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात कृषी दिन म्हणून पाळतात.

पालकांनो, उन्हाळ्यात कामासाठी बाहेरगावी जावं लागतं, हे आम्हाला ठाऊक आहे. पण शाळा सुरू असेपर्यंत लेकरांना आजीजवळ, मामाकडे, कुठंही ठेवा, शाळा बुडू देऊ नका. वसंतराव शाळेसाठी दुसऱ्या गावी चालत गेले. आपली शाळा तर गावातच आहे. १ मेला निकाल घ्यायला याल, तेव्हा दारावरची पाटी नक्की वाचा. तिच्यावरचे पहिले दोन शब्द आहेत, जिल्हा परिषद.