चिमाजी अप्पा

वसईचा किल्ला पाहिला नाही असा विद्यार्थी आमच्या शाळेत विरळाच. त्या पडक्या तटावर उभे राहिले असता ज्या पुरुषाचे स्मरण व्हावे, त्याचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहो.

चिमाजी अप्पा हे पेशवे बाळाजी विश्वनाथ व राधाबाई यांचे धाकटे पुत्र. त्यांचा जन्म सुमारे 1707 साली झाला. 1720 साली वडील वारले व थोरले बंधू बाजीराव पेशवे झाले. अप्पांची प्रकृती नाजूक. तथापि 1728 साली माळव्यात अमझेरा येथे त्यांनी मोगल सुभेदार गिरिधर बहादुराचा पराभव केला. 1730 साली पुत्र सदाशिवराव जन्मास आला, आणि त्याच वर्षी पत्नी रखमाबाई निवर्तल्या.

वसई 1534 पासून पोर्तुगीजांकडे होती. 1737 साली मराठ्यांनी ठाणे घेतले आणि 1739 च्या फेब्रुवारीत अप्पा स्वतः वसईपुढे येऊन ठाकले. पूर्वीचे योद्धे अंगावर चिलखत चढवीत. येथे साऱ्या शहराचे चिलखत म्हणजे हा दगडी तट होता. मराठे खिंडाराजवळ येताच तटावरून दारूने भरलेले हातगोळे व दगड यांचा वर्षाव होई. नुसत्या तोफांनी काम भागेना, म्हणून अप्पांनी तटाखाली सुरुंग खणविले. परंतु एक सुरुंग उशिरा उडाला आणि खिंडारावर चढलेली आपलीच माणसे त्यात प्राणास मुकली. तरी अप्पांनी वेढा सोडला नाही. अखेर सेंट सेबॅस्टियन बुरूज ढासळला व 16 मे रोजी तह झाला.

आता जिंकलेल्यांचे काय होणार? ज्या ख्रिस्ती कुटुंबांची घरे व वाड्या येथेच होत्या, त्यांनी कोठे जावे? अप्पांच्या सैन्याची हजारो माणसे पडली होती. सूड घ्यावयाचा असता तर हीच वेळ होती. परंतु तहाप्रमाणे शत्रूचे शिपाई शस्त्रांसह, वाद्ये वाजवीत व निशाणे फडकावीत बाहेर पडले. मागे राहणाऱ्यांस आपला धर्म पाळण्याची मोकळीक मिळाली. देवळांच्या घंटा मात्र विजयी सैन्याने नेल्या. त्यांपैकी एक आजही नाशिकास नारोशंकराच्या मंदिरात आहे. हेही आम्ही लपवीत नाही.

1740 च्या एप्रिलात बाजीराव वारले व त्याच वर्षी डिसेंबरात अप्पाही निवर्तले. तेव्हा त्यांचे वय अवघे तेहेतीसच्या सुमाराचे होते.

मुलांनो, तट फोडण्यास दारू पुरते. परंतु तट फुटल्यावर आपला क्रोध आवरण्यास मोठे मन लागते. पुढच्या खेपेस किल्ल्यात जाल तेव्हा बुरुजाजवळ क्षणभर थांबा, आणि दोन्ही बाजूंच्या मृतांचे स्मरण करा.