डॉ. द्वारकानाथ कोटणीस

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे काँग्रेसनें १९३८ सालीं युद्धग्रस्त चीनला धाडलेल्या पांच डॉक्टरांच्या पथकांत होते. तेथें असतांनाच वडिलांच्या निधनाची वार्ता आली, तरी ते परतले नाहींत. पुढें तिघे सहकारी स्वदेशीं आले. हे आणि डॉ. बसू मागें राहिले. चिनी भाषा आत्मसात करून आघाडीवरील जखमींवर त्यांनीं अहोरात्र शस्त्रक्रिया केल्या. बेथून रुग्णालयाचें प्रमुखपद आलें तें त्यानंतर, १९४१ सालीं. आधीं सेवा व मग अधिकार, हा क्रम आम्हांस विशेष वाटतो. धुळें-जळगांवकडील आपल्या ज्ञातींतील नवे डॉक्टर सातपुड्याच्या पायथ्याच्या खेड्यांत जावयास कचरतात, म्हणून हें स्मरण. अपस्मारानें ९ डिसेंबर १९४२ रोजीं डॉक्टर निवर्तले. वय अवघें ३२; घरीं चिनी पत्नी व तान्हा पुत्र होता.