युसूफ मेहेरअली : दुभंगलेल्या काळात माणसं जोडणारा महापौर

पालघर शहरातला पाचबत्तीचा हुतात्मा चौक आपल्यापैकी प्रत्येकाच्या पायाखालचा आहे. 14 ऑगस्ट 1942 रोजी पालघरच्या कचेरीवर निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्यात पाच जण शहीद झाले. काशिनाथ पागधरे, गोविंद ठाकूर, रामप्रसाद तिवारी, रामचंद्र चुरी आणि सुकुर मोरे ही त्यांची नावं. कुणी सातपाटीचा, कुणी नांदगावचा, कुणी मुरब्याचा, कुणी सालवडचा, तर कुणी पालघरचाच. दरवर्षी 14 ऑगस्टला इथे त्यांना मानवंदना दिली जाते. पण त्या दिवशी मोर्चेकऱ्यांच्या ओठावर जी चले जाव ही घोषणा होती, ती देशाला कुणी दिली, हे आपल्या घरातल्या मुलांना विचारून बघा. बहुतेक मुलं गांधीजींचं नाव घेतील. गांधीजींनी ती उचलली, देशभर नेली, हे खरंच आहे. पण ती सुचवणारे गृहस्थ होते मुंबईचे युसूफ मेहेरअली.

त्यांची आठवण आज काढायचं कारण नुसता इतिहास नाही. याच पालघर जिल्ह्यात 16 एप्रिल 2020 रोजी, लॉकडाऊन चालू असताना, गडचिंचले गावात मुलं पळवणारे आले या अफवेपायी जमावाने दोन साधू आणि त्यांच्या गाडीचा चालक यांना ठार मारलं. घटना काळीज हलवणारी होती. पण नंतर मोबाइलवर जे फिरू लागलं, तेही तितकंच भयंकर होतं. या हत्येचा दोष मुसलमानांवर टाकला गेला. शेवटी त्या वेळचे गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक झालेल्या 101 जणांत एकही मुसलमान नाही, हे जाहीरपणे सांगावं लागलं. ते सांगूनही ज्यांना मानायचं नव्हतं त्यांनी मानलं नाही. शेजाऱ्याबद्दल काहीही ऐकलं की ते खरंच वाटतं, ही अवस्था समाजात आली की समजावं, दुफळी फार खोल गेली आहे.

श्रीमंत घर सोडून रस्त्यावर

युसूफ मेहेरअली यांचा जन्म 23 सप्टेंबर 1903 रोजी मुंबईत एका सधन व्यापारी घराण्यात झाला. एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांनी इतिहास आणि अर्थशास्त्र घेतलं, मग कायद्याची पदवी मिळवली. पुढची वाट सोपी होती. वकिली करायची, पैसा कमवायचा, सरकारदरबारी मान मिळवायचा. पण ते तरुणांच्या चळवळीत पडले आणि 1928 साली बॉम्बे यूथ लीगच्या उभारणीत पुढे आले. याची किंमत लगेच मोजावी लागली. राजकारणात असल्याचं कारण देऊन हायकोर्टाने त्यांना वकिलीची सनदच नाकारली. म्हणजे हातात पदवी आहे, डोक्यात कायदा आहे, पण कोर्टात उभं राहता येत नाही. ज्या घरात मुलाच्या शिक्षणावर सगळ्या आशा लावलेल्या असतात, त्या घरांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

त्याच वर्षी सायमन कमिशन आलं. हिंदुस्थानचं भवितव्य ठरवायला सात सभासद नेमले आणि त्यात एकही हिंदुस्थानी नव्हता. 3 फेब्रुवारी 1928 रोजी कमिशन मुंबई बंदरात उतरणार होतं. मेहेरअली आणि त्यांच्या साथीदारांचा बेत होता की होड्या घेऊन समुद्रातच त्यांना गाठायचं. बेत फुटला. मग ही पोरं हमालांच्या वेषात बंदरावर पोचली, काळे झेंडे काढले आणि सायमन गो बॅक अशी आरोळी ठोकली. पोलिसांच्या लाठ्या पडल्या, मेहेरअलींनाही मार बसला. पण ते तीन शब्द दुसऱ्या दिवसापासून गावोगाव गेले.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. त्या वेळी राजकारणात एकी होती असं मुळीच नाही. काँग्रेस आणि मुस्लिम लीग यांच्यात मतदारसंघांवरून, जागांवरून वाद होते. खुद्द लीगमध्ये दोन तट पडले होते, एक जिनांचा आणि दुसरा सर महंमद शफींचा. नेमस्त मंडळी काँग्रेसवर नाराज होती. पण सायमनवर बहिष्कार टाकायचा, या एका मुद्द्यावर काँग्रेस, जिनांची लीग आणि मुंबईतले चिमणलाल सेटलवाडांसारखे नेमस्त एका बाजूला आले. बाकीचे वाद मिटले नव्हते. ते बाजूला ठेवले होते, एवढंच. मेहेरअलींच्या तीन शब्दांत या सगळ्यांना जागा मिळाली, कारण त्या शब्दांत कुणाच्या पक्षाचं नाव नव्हतं आणि कुणाच्या धर्माचंही नव्हतं.

तुरुंगातली दोस्ती

1930 च्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. 1932 मध्ये पुन्हा तुरुंग, या वेळी दोन वर्षं. त्या काळात नाशिकच्या तुरुंगात जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, अशोक मेहता, मिनू मसानी, एस. एम. जोशी, ना. ग. गोरे अशी तरुण मंडळी एकत्र आली होती. तिथल्या चर्चांतून काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना पुढे आली आणि 1934 साली पक्ष स्थापन झाला. मेहेरअली त्याच्या संस्थापकांपैकी एक. यादी नीट वाचा. मराठी ब्राह्मण, पारशी, गुजराती, बिहारी आणि त्यात एक मुंबईकर मुसलमान. कुणी मार्क्सला मानणारा, कुणी गांधींना. आपसात ते कडाडून भांडत. पुढे काहींच्या वाटाही वेगळ्या झाल्या, मसानी तर समाजवाद सोडून उलट्या टोकाला गेले. मेहेरअली मात्र सगळ्यांचे दोस्त राहिले.

1938 साली ते अमेरिकेला गेले. न्यूयॉर्क राज्यातल्या व्हॅसार कॉलेजात जागतिक युवक परिषद भरली होती, तिथे हिंदुस्थानी तरुणांच्या शिष्टमंडळाचं नेतृत्व त्यांच्याकडे होतं. युरोपात युद्धाचे ढग दाटत असताना वेगवेगळ्या देशांतली पोरं एका मांडवात बसून बोलत होती. आज त्याच अमेरिकेकडे पाहिलं तर वाईट वाटतं. रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट यांची चॅनेलं वेगळी, बातम्या वेगळ्या, आणि आता तर खरं काय घडलं याबद्दलचं मतही वेगळं. 2020 च्या निवडणुकीचा निकाल कितीतरी लोकांनी मानला नाही आणि 6 जानेवारी 2021 रोजी जमाव थेट तिथल्या संसदेत घुसला. मतभेद असले म्हणून देश मोडत नाही. समोरचा खोटंच बोलणार, असं आधीच ठरवून टाकलं की मात्र बोलायला काही उरत नाही. एवढ्या श्रीमंत आणि शिकलेल्या देशाला हा रोग लागू शकतो, तर आपण कोण?

दोन शब्द आणि पालघरच्या गोळ्या

1942 साली वयाच्या 38 व्या वर्षी मेहेरअली मुंबईचे महापौर झाले. तोपर्यंत एवढ्या कमी वयाचा महापौर मुंबईने पाहिला नव्हता. युद्धाचे दिवस होते, शहरावर बॉम्ब पडतील या भीतीने लोक गाव गाठत होते. अशा वेळी त्यांनी नागरिकांच्या मदतीसाठी पीपल्स व्हॉलंटिअर ब्रिगेड उभी केली.

त्याच उन्हाळ्यात गांधीजी शेवटच्या लढ्यासाठी शब्द शोधत होते. सांगतात की बैठकीत कुणी एक शब्द सुचवला, तो गांधीजींना उद्धट वाटला. दुसऱ्याने सुचवलेला फारच मऊ होता. मेहेरअलींनी क्विट इंडिया हे दोन शब्द पुढे ठेवले आणि गांधीजींना ते पटले. मेहेरअलींनी त्याच नावाची पुस्तिका काढली, बिल्ले करून वाटले. 8 ऑगस्टला गवालिया टँकवर ठराव झाला आणि 9 ऑगस्टच्या पहाटेपासून धरपकड सुरू झाली. मेहेरअलीही तुरुंगात गेले. नेते आत होते, पण शब्द बाहेर राहिले. पाच दिवसांत ते चले जाव होऊन मुरबे, नांदगाव, सालवडच्या वाटेने पालघरच्या कचेरीपर्यंत आले.

हे सगळं सहज झालं नव्हतं. त्या वर्षी समाज आजच्याइतकाच, किंबहुना जास्तच दुभंगलेला होता. मुस्लिम लीगने मुसलमानांना या लढ्यापासून दूर राहायला सांगितलं. हिंदू महासभाही लढ्याच्या विरोधात होती. कम्युनिस्टांची भूमिका रशियावरच्या हल्ल्यानंतर बदलली होती. काँग्रेसचे अध्यक्ष मौलाना आझाद होते, तरी काँग्रेसमधल्या मुसलमानांना स्वतःच्याच कौमकडून कौम सोडल्याचे टोमणे खावे लागत. आणि दुसरीकडच्या काहींना त्यांच्या निष्ठेबद्दल शंका. दोन्हीकडून संशय, ही जागा किती अवघड असते ते आपल्याला कुणी शिकवायला नको. मेहेरअली त्या जागी उभे राहिले. त्यांनी नाव बदललं नाही, ओळख लपवली नाही, आणि समोरच्याला शिव्याही घातल्या नाहीत.

तुरुंगात त्यांना हृदयविकाराचा झटका आला. सरकारने इस्पितळात खास उपचारांची तयारी दाखवली. त्यांनी अट घातली, माझ्याबरोबर आजारी असलेल्या आणखी दोन सत्याग्रहींनाही तीच सोय मिळाली पाहिजे. सरकारने नकार दिला, तेव्हा त्यांनीही नकार दिला. 1943 मध्ये सुटका झाली, पण तब्येत कायमची ढासळली. आमच्या मते त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रसंग हाच. घोषणा हुशार माणूसही देऊ शकतो. सोबतच्याला मिळत नाही ती सवलत नाकारायला मात्र वेगळं काळीज लागतं. असा माणूस बोलला की विरोधकही ऐकून घेतो.

पुढे फाळणी झाली. ज्या ऐक्यासाठी त्यांनी तारुण्य दिलं, ते तुटताना त्यांनी पाहिलं. तरी ते थांबले नाहीत. समाजवादी काँग्रेसमधून बाहेर पडले, मेहेरअली त्यांच्यासोबत राहिले आणि मुंबई विधानसभेत निवडूनही आले. 2 जुलै 1950 रोजी, वयाच्या अवघ्या 46 व्या वर्षी, त्यांचं निधन झालं. त्यांच्या शोकात मुंबईचे व्यवहार थांबले. त्यांच्या नावाचं युसूफ मेहेरअली सेंटर पनवेल तालुक्यातल्या तारा गावात आरोग्य, शिक्षण आणि ग्रामोद्योगाचं काम करत आलं आहे.

आपल्यासाठी काय?

मेहेरअलींचं जीवन पाहिलं तर एक गोष्ट स्पष्ट होते. सगळ्या वादांवर आधी एकमत होऊ द्या, मग बरोबर काम करू, असं ते म्हणत बसले नाहीत. सगळ्यांना लागू पडणारा एक प्रश्न त्यांनी धरला, तो सगळ्यांना कळेल अशा शब्दांत मांडला आणि त्याचा भार स्वतः सगळ्यांच्या बरोबरीने उचलला.

आपल्या बोईसर-तारापूर पट्ट्यात असे प्रश्न कमी आहेत का? तारापूर एमआयडीसीच्या सांडपाण्याने खाड्या नासल्या, मासळी गेली. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने हा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापुढे नेला आणि जानेवारी 2022 मध्ये लवादाने प्रदूषण करणाऱ्या कारखान्यांना कोट्यवधींचा दंड ठोठावला. खाडीचं काळं पाणी घराच्या दारावरचं नाव वाचून आत येत नाही. कंपनीत स्फोट झाला की तिथे आपला मुलगाही असतो आणि शेजाऱ्याचाही. अशा प्रश्नांवर मोहल्ल्यातून, जमातीतून किती जण त्या मच्छीमारांच्या शेजारी जाऊन बसतात, हे आपण स्वतःला विचारायला हवं. आपल्यावर अन्याय झाला की कुणी आलं नाही, ही तक्रार खरीही असेल. पण ओळख आधीच झालेली असेल तर वेळेला माणूस येतो. अफवा उठली तरी त्याला आपला चेहरा आठवतो, आणि मेसेज पुढे पाठवायच्या आधी तो आपल्याला फोन करतो.

त्यासाठी काही मोठं करावं लागत नाही. येत्या 14 ऑगस्टला मुलांना घेऊन हुतात्मा चौकात जा. पाच शहिदांची नावं त्यांना वाचायला लावा, आणि त्या पाचांना घोषणा देणाऱ्याचं सहावं नाव तुम्ही सांगा. शेजारी उभ्या असलेल्यालाही सांगा.

अल्लाह मरहूम युसूफ मेहेरअली यांची मगफिरत करो आणि आपल्या वस्त्यांना अफवांपासून सुरक्षित ठेवो. आमीन.