सागरावरील शोध

शौर्य म्हणजे केवळ शत्रूवर तुटून पडणे, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु शत्रू दृष्टीस पडत नाही, वाट दाखविणारा कोणी नाही आणि आपल्या एका निर्णयावर अनेकांचे प्राण अवलंबून आहेत, अशा वेळी मन स्थिर ठेवून विचार करणे, हेही शौर्यच होय. अमेरिकेच्या नौदलातील वैमानिक वेड मॅक्लस्की यांच्या चरित्रात या शौर्याचे दर्शन घडते.

मॅक्लस्की यांचा जन्म १ जून १९०२ रोजी न्यू यॉर्क राज्यातील बफेलो या शहरी झाला. अ‍ॅनापोलिस येथील नौदलाच्या प्रबोधिनीतून ते १९२६ साली पदवी घेऊन बाहेर पडले व १९२९ साली वैमानिक झाले. पुढे 'एंटरप्राइझ' या विमानवाहू जहाजावर लढाऊ विमानांच्या तुकडीचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. १९४२ च्या वसंत ऋतूत या जहाजावरील सर्वच विमानदलाचे ते प्रमुख झाले. आता त्यांना 'डाँटलेस' जातीचे बॉम्बफेकी विमान चालवावयाचे होते. या विमानात वैमानिक व त्याच्या पाठीमागे बंदूक सांभाळणारा सोबती असे दोघेच बसत. वीस हजार फुटांच्या उंचीवरून विमान जवळजवळ सरळ खाली झेपावे, बॉम्ब सोडी आणि समुद्राला भिडण्यापूर्वी पुन्हा वर उठे. मॅक्लस्की यांचे बहुतेक शिक्षण लढाऊ विमानांवर झालेले असल्यामुळे ही विद्या त्यांना काहीशी नवीच होती.

त्या काळी पॅसिफिक महासागरात जपानी आरमाराचा दरारा मोठा होता. डिसेंबर १९४१ मध्ये त्याने पर्ल हार्बरवर घाला घातला. त्याच ताफ्यातील 'आकागी', 'सोर्यू' व 'हिर्यू' या जहाजांनी एप्रिल १९४२ मध्ये हिंदी महासागरात शिरून कोलंबो व त्रिंकोमाली या बंदरांवर हल्ले केले. जून महिन्यात ही तीन जहाजे व 'कागा' हे चौथे जहाज मिडवे बेटावर चालून निघाली. जपानी सांकेतिक संदेशांचा उलगडा झाल्यामुळे अमेरिकी सेनापती निमिट्झ यांना हा बेत आधीच कळला होता. त्यांनी आपली तीन विमानवाहू जहाजे बेटाच्या ईशान्येस दबा धरून ठेवली.

४ जूनच्या सकाळी मॅक्लस्की आपली बॉम्बफेकी विमाने घेऊन निघाले. इतर तुकड्यांची वाट पाहण्यात बराच वेळ जहाजावरच घिरट्या घालाव्या लागल्यामुळे पेट्रोल खर्ची पडले होते. नऊ वाजून वीस मिनिटांच्या सुमारास ते ठरलेल्या जागी पोहोचले. खाली पाहतात तो चोहीकडे निळे पाणी! एकही जहाज नाही. जपानी सेनापती नागुमो यांनी मध्यंतरी आपला मार्ग बदलून ईशान्येकडे मोर्चा वळविला होता. परंतु हे मॅक्लस्की यांना कसे कळावे?

मागे फिरावे, तर आपली जहाजे शत्रूच्या तडाख्यात सापडतील. पुढे जावे, तर पेट्रोल संपून सारेच समुद्रात पडतील. मॅक्लस्की यांनी हिशेब केला. शत्रू आपल्या अंदाजापेक्षा मिडवेच्या जवळ गेलेला नाही. तेव्हा तो उत्तरेकडेच असला पाहिजे. थोडे अंतर पुढे जाऊन त्यांनी विमाने वायव्येकडे वळविली. दहाला पाच मिनिटे कमी असताना एक एकाकी जपानी विनाशिका भरधाव उत्तरेकडे जाताना दिसली. तिचे नाव 'आराशी'. 'नॉटिलस' या अमेरिकी पाणबुडीला दाबून ठेवण्यासाठी ती मागे राहिली होती. एवढी घाई करणारी नौका आपल्या ताफ्यालाच गाठण्यास निघाली असणार, हे मॅक्लस्की यांनी ताडले व तिचीच दिशा धरली. थोड्याच वेळात सारा जपानी ताफा दृष्टिपथात आला.

त्यापूर्वीच अमेरिकेच्या टॉर्पेडो विमानांनी ताफ्यावर हल्ले केले होते व त्यांतील बहुतेक नष्ट झाली होती. तथापि त्यांच्याशी लढताना जपानी लढाऊ विमाने खाली उतरली होती. वरचे आकाश मोकळे होते. मॅक्लस्की यांनी झेप घेतली. परंतु या क्षणी एक घोटाळा झाला. दोन तुकड्यांनी दोन निरनिराळ्या जहाजांवर जावयाचे, त्याऐवजी दोन्ही तुकड्या 'कागा'वरच तुटून पडल्या. रिचर्ड बेस्ट या तुकडीप्रमुखाच्या हे ध्यानी येताच तो दोन सोबत्यांसह बाजूस झाला आणि त्याने 'आकागी'वर अचूक बॉम्ब टाकला. त्याच सुमारास 'यॉर्कटाउन' जहाजावरील विमानांनी 'सोर्यू' पेटविले. अवघ्या काही मिनिटांत तीन जहाजे ज्वालांनी वेढली गेली. दुपारी 'हिर्यू'चीही तीच गत झाली.

परतताना दोन जपानी विमानांनी मॅक्लस्की यांचा पाठलाग केला. त्यांचा डावा खांदा गोळ्यांनी जखमी झाला. पाठीमागील सोबत्याने नेटाने प्रतिकार केला. टाकीत पेट्रोल जवळजवळ उरले नसताना ते 'एंटरप्राइझ'वर उतरले. त्यांच्या अनेक सहकाऱ्यांना मात्र जहाज गाठता आले नाही. या लढाईत सुमारे तीन हजार जपानी व तीनशे अमेरिकी सैनिक प्राणास मुकले. विजयाची ही किंमत विसरता येत नाही.

शोध पुढे चालू ठेवण्याचा मॅक्लस्की यांचा निर्णय हा त्या लढाईतील अत्यंत महत्त्वाच्या निर्णयांपैकी एक होता, असा अभिप्राय निमिट्झ यांनी आपल्या अहवालात दिला. मॅक्लस्की यांना 'नेव्ही क्रॉस' हे मानचिन्ह मिळाले. पुढे 'कोरेगिडोर' या विमानवाहू जहाजाचे आधिपत्य त्यांनी केले, कोरियाच्या युद्धकाळातही सेवा बजावली आणि १९५६ साली ते रिअर अ‍ॅडमिरल म्हणून निवृत्त झाले. २७ जून १९७६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे नाव दिलेली एक युद्धनौका १९८३ साली अमेरिकी नौदलात दाखल झाली. २०१५ पर्यंत ती सेवेत होती.

मॅक्लस्की हे बॉम्बफेकीच्या विद्येत सर्वांहून निष्णात नव्हते, आणि त्या दिवशी सारे काही निर्दोष घडले असेही नाही. परंतु रिकाम्या समुद्रावर त्यांचे मन गोंधळले नाही. माहीत असलेल्या गोष्टींवरून त्यांनी अज्ञाताचा शोध घेतला, आणि त्या निर्णयाची जोखीम स्वतःच्या शिरावर घेतली. त्यांच्या थोरवीचे मर्म यातच आहे.