सापशिडी खरंच ज्ञानेश्वर माउलींनी बनवली का?

सापशिडीचा शोध संत ज्ञानेश्वरांनी लावला, असा मेसेज दर आषाढी-कार्तिकीला तुमच्या फॅमिली ग्रुपवर येऊन पडतोच. काहीजण त्याला हात जोडतात, काहीजण हसतात. यातलं खरं किती हे बघायचं, तर आधी माउलींची गोष्ट बघावी लागते.

वाळूज एमआयडीसीत राहणाऱ्यांसाठी तर ही गोष्ट अगदी शेजारची आहे. पैठण, आपेगाव, नेवासा, देवगिरी, सगळं तास-दोन तासांच्या अंतरावर.

परंपरेनुसार ज्ञानेश्वरांचा जन्म १२७५ चा, पैठणजवळच्या आपेगावचा. वडील विठ्ठलपंत कुलकर्णी. त्यांनी काशीला जाऊन संन्यास घेतला, पण गुरूंच्या आज्ञेवरून ते पुन्हा संसारात परतले. मग निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता ही चार मुलं झाली. संन्याशाची पोरं म्हणून गावाने त्यांना वाळीत टाकलं. धर्मपंडितांनी आईवडिलांना देहांत प्रायश्चित्त सांगितलं, आणि त्या दोघांनी ते घेतलं. चार लहान मुलं मागे राहिली.

मोक्षपटाची कथा इथेच येते. ज्ञानदेव आणि निवृत्ती भिक्षा मागायला जायचे, तेव्हा घरी एकट्या राहणाऱ्या सोपान-मुक्ताचा जीव रमावा म्हणून हा खेळ तयार झाला, असं सांगतात.

खेळ साधा. कापडावर किंवा कागदावर आखलेली घरं. कवड्या फेकायच्या आणि पडेल त्या दानाप्रमाणे सोंगटी पुढे न्यायची. शिड्या म्हणजे सत्य, दया असे सद्गुण. साप म्हणजे काम, क्रोध, लोभ, मत्सर. सगळ्यात वर मोक्ष किंवा वैकुंठ. जो आधी पोहोचला तो जिंकला.

आता जरा आजच्या बोर्ड गेमकडे या. १९७५ साली अमेरिकेत टीएसआर कंपनीने 'डंजन!' नावाचा गेम आणला. त्याच कंपनीने वर्षभर आधी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' काढला होता. 'डंजन!'मध्ये सगळे खेळाडू एकाच भुयारात उतरतात, राक्षस मारतात, आणि जो ठरलेला खजिना घेऊन आधी सुरुवातीच्या जागी परत येतो तो जिंकतो. जितकं खोल जाल तितके राक्षस डेंजर आणि खजिना मोठा. मोक्षपटात सगळं उलटं. इथे खाली उतरायचं नाही, वर चढायचं. आणि राक्षस भुयारात लपलेला नसतो, तो खेळणाऱ्याच्याच मनातला असतो. शिवाय 'डंजन!'मध्ये किती खोल जायचं हे तुम्ही ठरवता. मोक्षपटात कवड्या ठरवतात, शेवटच्या ओळीत साप लागला तर गुमान खाली यायचं.

हाच भारतीय खेळ इंग्रजांबरोबर इंग्लंडला गेला आणि १८९० च्या दशकात तिथे 'स्नेक्स अँड लॅडर्स' म्हणून विकला जाऊ लागला. हळूहळू सद्गुण-दुर्गुणांची नावं गळाली, उरले फक्त आकडे. १९४३ साली अमेरिकेच्या मिल्टन ब्रॅडली कंपनीने सापांच्या जागी घसरगुंड्या टाकल्या. गंमत म्हणजे १९८९ मध्ये भुयारातल्या राक्षसांचा गाजलेला 'हीरोक्वेस्ट' काढला तोही याच कंपनीने.

मग माउलींचं काय? डेन्मार्कचे अभ्यासक याकोब श्मिट-मॅडसन यांनी या पटांवर कोपनहेगन विद्यापीठात २०१९ मध्ये पीएचडी केली. त्यांचा अभ्यास पश्चिम भारतातल्या १८ व्या आणि १९ व्या शतकातल्या पटांवर आहे. म्हणजे ज्ञानेश्वरांनंतर किमान चारशे वर्षांनी. असे पट वैष्णवांचे आहेत, जैनांचे आहेत, सुफींचेही आहेत. त्यामुळे एकाच माणसाने एका दिवशी शोध लावला, हे फॉरवर्डमधलं वाक्य टिकत नाही. मोक्षपट महाराष्ट्रात खेळला जायचा आणि त्याला माउलींचं नाव चिकटलं, एवढं मात्र खरं.

आणि ते नाव चिकटणं साहजिकही आहे. ही भावंडं शुद्धिपत्र मागायला पैठणला गेली. रेड्याच्या तोंडून वेद वदवल्याची कथा तिथलीच. तिथून ती नेवाशाला आली. वाळूजवरून नगर रोडने निघालात, की कायगाव टोक्याला गोदावरी ओलांडून याच नेवाशाला पोहोचता. तिथे १२९० साली, देवगिरीवर रामदेवराव यादवाचं राज्य असताना, पंधरा वर्षांच्या ज्ञानदेवांनी गीता मराठीत सांगितली. नऊ हजारांच्या आसपास ओव्या. सच्चिदानंदबाबांनी त्या लिहून घेतल्या. ज्या खांबाला टेकून माउली बसायचे असं मानतात, तो पैस खांब आजही तिथे आहे. संस्कृतात बंद असलेलं तत्त्वज्ञान ज्याने घराघरात आणलं, त्यानेच ते पोरांच्या खेळातही आणलं असेल, असं लोकांना वाटलं तर नवल नाही.

१२९६ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, कार्तिक वद्य त्रयोदशीला ज्ञानेश्वरांनी आळंदीला संजीवन समाधी घेतली. त्यानंतर थोड्याच काळात बाकीची तिघंही गेली. सोपानदेवांची समाधी सासवडला आहे, निवृत्तीनाथांची त्र्यंबकेश्वरला, आणि धाकट्या मुक्ताबाईचं स्थान पार तिकडे तापीकाठी, जळगाव जिल्ह्यात.